पेढीचा हिशेब भाड्याच्या यंत्रावर नेताना

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचे पाणी समा भागातील आमच्या औषधांच्या गोदामात शिरले, त्या वेळी पेढीचा सर्व्हर, म्हणजे सारा हिशेब साठवणारा मुख्य संगणक, जमिनीपासून दीड फूट उंचीच्या लाकडी चौरंगावर ठेवलेला होता. ही उंची कोणी मोजूनमापून ठरवलेली नव्हती. २०१९ च्या जुलैअखेरच्या अतिवृष्टीत पाणी आमच्या उंबऱ्यापाशी थांबले होते, तेवढ्या अनुभवावर आम्ही ती पुरेशी मानली होती. या वेळी जन्माष्टमीच्या दिवशी, २६ तारखेला, पावसाने उसंत घेतलीच नाही. नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची असताना पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि पुढचे तीन दिवस आम्हाला गोदामाकडे फिरकता आले नाही. शुक्रवारी दार उघडले तेव्हा सर्व्हरच्या पंख्याच्या पात्यांत गाळ घट्ट बसलेला होता, आणि शेजारच्या टेबलाच्या खालच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरइतकीच भिजलेली होती.

आमचा व्यवसाय औषधांच्या घाऊक विक्रीचा आहे. बडोदे शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील सुमारे साडेतीनशे मेडिकल दुकानांना आम्ही माल पुरवतो. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, सुरू केलेली ही पेढी आता प्रायव्हेट लिमिटेड झाली असली तरी घरात तिला अजून पेढीच म्हणतात. हिशेब आणि कार्यालय माझ्याकडे आहे. संगणकाचे माझे ज्ञान त्या दिवसापर्यंत एवढेच होते, की सकाळी हिरवा दिवा लागला म्हणजे सारे ठीक आहे.

आमचे हिशेबनीस दर शनिवारी पेनड्राइव्हवर एक प्रत घरी नेत असत. १७ तारखेला ते रजेवर होते आणि २४ तारखेला घाईत विसरले, त्यामुळे हाती उरली ती १० ऑगस्टची प्रत. मधल्या पंधरवड्याच्या विक्रीचे आकडे मिळाले, कारण पाच कोटींवरच्या उलाढालीमुळे आमचे प्रत्येक बिल ई-इन्व्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदले जाते. खरेदीची बिले कंपन्यांनी पुन्हा पाठवली. परंतु ई-इन्व्हॉइसमध्ये बॅच नंबर भरणे ऐच्छिक असते आणि आम्ही तो भरत नव्हतो. औषधांच्या धंद्यात आकड्यांपेक्षा बॅच मोलाची असते. उद्या एखाद्या कंपनीने सदोष बॅच परत मागवली, तर ती कोणत्या दुकानात किती गेली हे सांगणे आमचे काम असते. तो पंधरवडा भरून काढण्यासाठी आमच्या दोन मुलांनी दुकानादुकानांत जाऊन आमच्याच बिलांच्या प्रतींचे फोटो काढून आणले आणि मी व हिशेबनिसांनी त्या फोटोंवरून बॅच आणि एक्स्पायरी ओळीओळीने पुन्हा भरली. या कामाला तेवीस दिवस लागले. त्या तेवीस दिवसांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, की जे सापडले ते केवळ दुसऱ्या ठिकाणी होते म्हणून सापडले.

नवा सर्व्हर घ्यायचा की क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या यंत्रावर, जायचे, हा विषय दांडियाबाजारातल्या घरी जेवणाच्या पानावर निघाला. काकांचा विरोध स्पष्ट होता. “सूनबाई, आपला चोपडा दुसऱ्याच्या घरात ठेवायचा आणि रोज त्याच्या दारात जाऊन वाचायचा, हे मला पटत नाही,” असे ते म्हणाले. त्यावर बाबांनी त्यांना आठवण करून दिली, की सयाजीरावांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली तेव्हाही पैसे दुसऱ्याच्या घरात ठेवायला लोक असेच कचरले असतील. बँकेची उपमा मला त्या रात्री फार आवडली होती. पुढे अनुभवाने कळले, की ती लंगडी आहे. बँक तुमच्या रुपयांची मोजदाद स्वतः ठेवते आणि तुम्ही चूक केली तरी शिल्लक बदलत नाही. क्लाउड त्यापेक्षा लॉकरच्या जवळ जाते. भिंत, दार आणि पहारा त्यांचा. आत काय ठेवले, नीट गुंडाळले की ओलेच कोंबले, आणि किल्ली कोणाच्या हाती दिली, हे सर्वस्वी तुमचे. तुमच्याच माणसाने फाइल पुसली, तर ते यंत्र ती आज्ञाधारकपणे पुसते.

हे समजायला मला माझ्या पुतणीची मदत झाली. ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकते, म्हणजे जुन्या बडोदेकरांच्या भाषेत कलाभवनात. “काकू, क्लाउड म्हणजे ढग वगैरे काही नसते, ते दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक असतात,” हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. अमेरिकेच्या मानके आणि तंत्रज्ञान विषयक राष्ट्रीय संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, ती तिने मला मराठीत सांगितली. त्या व्याख्येत पाच लक्षणे आहेत: मागणी करताच कोणाची परवानगी न घेता साधन मिळणे, ते जाळ्यावरून कोठूनही वापरता येणे, अनेक ग्राहकांनी एकच सामाईक साठा वापरणे, गरजेप्रमाणे तो झटपट वाढवता-घटवता येणे आणि वापर मोजून पैसे आकारणे. विजेच्या मीटरवर वाढलेल्या माणसाला यातले शेवटचे लक्षण सर्वांत आधी कळते. मलाही तसेच झाले, आणि मीटरच्या बाबतीतच मी पुढे ठेच खाल्ली.

एक दणकट यंत्र, त्यावर चालणारे एक सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरने पाडलेले दहा-वीस आभासी संगणक, ज्यांतील प्रत्येकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असे वाटते, ही या सगळ्या व्यवहाराची मूळ युक्ती आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये आधी साठवणुकीची आणि नंतर असे संगणक तासावर भाड्याने देण्याची सेवा सुरू केली, तिथपासून हा धंदा आजच्या रूपात आला. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ मध्ये आणि गूगलचे मुंबईतले २०१७ मध्ये सुरू झाले. त्यामुळे आमच्यासारख्याचा हिशेब सिंगापूरला जाण्याची गरज उरली नव्हती.

भाडे तीन तऱ्हांचे असते, आणि व्यवसायाच्या माणसाने यावर दोन संध्याकाळी घालवाव्यात असे माझे मत आहे, कारण विक्रेते तिन्हींना सरसकट क्लाउडच म्हणतात. पहिल्या तऱ्हेत नुसते यंत्र मिळते. त्यावर विंडोज अद्ययावत ठेवणे, आपले सॉफ्टवेअर बसवणे, बॅकअप घेणे ही कामे आपली. दुसरी तऱ्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या सोयीची आहे आणि आमच्या कामाची नव्हती. तिसऱ्या तऱ्हेत तयार सॉफ्टवेअरच ब्राउझरमधून वापरायला मिळते, दर माणशी महिन्याचे पैसे द्यायचे आणि यंत्राचे नावही घ्यायचे नाही. आमचे ईमेल कित्येक वर्षे असेच चालले होते. म्हणजे क्लाउडला विरोध करणारे काकाही दररोज सकाळी क्लाउडच उघडत होते, फक्त त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही तीन ठिकाणांहून कोटेशन मागवले. स्वतःचा सर्व्हर, विंडोजचा परवाना, यूपीएस आणि बॅटऱ्या मिळून ३,१०,००० रुपये होत होते. मुंबईतले भाड्याचे यंत्र चोवीस तास चालू ठेवले तर महिन्याला १६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, ज्याचे क्रेडिट आम्हाला मिळते. तीन वर्षांचे भाडे ५,७६,००० झाले. क्लाउड स्वस्त असते, हे वाक्य मी त्या काळात इतक्या तोंडून ऐकले होते, की हा गुणाकार मी तीनदा केला. ज्याचे काम वर्षभर एकसारखे चालते आणि ज्याला यंत्र ठेवायला उंच, कोरडी, वीज न जाणारी जागा आहे, त्याला स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडतो, हे मी कोणालाही सांगेन. आमच्या सीएंनी त्यात आणखी एक पदर जोडला. विकत घेतलेल्या संगणकावर आयकरात दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो, तर भाडे त्याच वर्षी पूर्ण खर्चात जाते. पण घसाऱ्यासाठी कोणी यंत्र घेत नाही, असेही ते म्हणाले.

कौल फिरला तो दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे आमच्याकडे उंच जागा नव्हती. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत आणि घरी सर्व्हर ठेवला तर रात्री यूपीएस ओरडू लागल्यावर उठणार कोण, याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. आमचे काम सकाळी साडेसातला सुरू होऊन रात्री साडेनवाला संपते आणि रविवारी बंद असते. महिन्याच्या ७२० तासांपैकी २६ दिवसांचे १४ तास धरले, तर यंत्र फक्त ३६४ तास लागते. रात्री ते आपोआप बंद आणि सकाळी आपोआप सुरू अशी योजना करता येते. अर्थात भाडे त्यामुळे निम्मे होत नाही. यंत्र निजले तरी त्याची डिस्क जागीच असते आणि तिचे, तसेच बॅकअपचे भाडे चालूच राहते. आमचा अंदाज १६,००० वरून १०,५०० वर आला.

कायद्याकडेही पाहावे लागले. कंपन्यांच्या हिशेबाविषयीचे २०१४ चे जे नियम आहेत, त्यांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि संगणकावर ठेवलेल्या हिशेबाचा बॅकअप प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणे बंधनकारक झाले. त्याआधी फक्त ठरावीक मुदतीने, असे शब्द होते. सेवा पुरवणाऱ्याचे नाव, त्याचे ठिकाण आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) दरवर्षी ताळेबंद सादर करताना कंपनी निबंधकांना कळवावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहिली पाहिजे. म्हणजे पेनड्राइव्ह घरी नेण्याची आमची शनिवारची पद्धत पुराच्या आधीपासूनच नियमात बसत नव्हती. सीएंनी हे सांगितल्यावर हिशेबनीस बराच वेळ काही बोलले नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही सामान हलवले. बिलांच्या स्कॅन केलेल्या प्रती धरून आमच्याकडे २१२ जीबी होते. आमचे ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचे असे आम्ही अभिमानाने सांगत असू, पण तो वेग खाली उतरवण्याचा होता. वर चढवण्याचा वेग २० निघाला. पुतणीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: २१२ जीबी गुणिले आठ (एका बाइटचे आठ बिट), भागिले वीस, म्हणजे सुमारे ८५ हजार सेकंद, अगदी अखंड चालले तरी साडेतेवीस तास. प्रत्यक्षात तीन रात्री लागल्या, कारण मध्ये दोनदा जोडणी तुटली. आत माल पाठवायला क्लाउडवाले काहीच आकारत नाहीत, तो बाहेर काढताना मात्र प्रत्येक जीबीला पैसे लागतात, हे याच वेळी लक्षात आले. मी ते वाक्य तेव्हा नुसते टिपून ठेवले.

त्यानंतरचे पंधरा दिवस जुने आणि नवे असे दोन्हीकडे बिल करण्याचे होते, आणि त्या पंधरा दिवसांत ज्याने आम्हाला सर्वाधिक छळले ते यंत्र मुंबईत नव्हते, आमच्या काउंटरवर होते. मेडिकल दुकानांची बिले आम्ही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, तीन प्रतींच्या कार्बन कागदावर छापतो. सॉफ्टवेअर आता मुंबईतल्या यंत्रावर चालत होते आणि प्रिंटर समा रस्त्यावर होता. मुंबईहून आलेले बिल प्रिंटर अक्षरांऐवजी चित्र म्हणून छापू लागला. पूर्वी सहा सेकंदांत खटखट निघणारे बिल आता मुंडके एका ओळीवरून चार वेळा फिरवीत मिनिटभर निघत असे, आणि दर तिसऱ्या बिलाला मजकूर एक ओळ खाली सरकून एकूण रकमेचा आकडा पानाच्या छिद्रांवर पडत असे. संध्याकाळी साडेसहाला, जेव्हा दुकानांचे मागणीचे फोन एकावर एक येतात आणि माल नेणारी मुले गाड्या चालू ठेवून दारात उभी असतात, तेव्हा त्या एका मिनिटाची लांबी काय असते हे काउंटरवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पाचव्या दिवशी एका तंत्रज्ञाने प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा मजकूर प्रिंटरला समजावणारे सॉफ्टवेअर, काढून केवळ मजकूर पाठवणारा साधा ड्रायव्हर बसवला आणि कागदाची लांबी इंचांत हाताने भरली. तेव्हापासून बिल सात सेकंदांत निघते. कोणत्याही कोटेशनमध्ये प्रिंटर हा शब्द नव्हता.

इंटरनेट बंद पडले तर, हा प्रश्न काकांनी पहिल्या दिवसापासून लावून धरला होता. त्याची तजवीज म्हणून आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर जोडण्या घेतल्या. फेब्रुवारीत गटाराच्या कामासाठी आलेल्या जेसीबीने रस्त्याकडेच्या खांबाला धक्का दिला आणि दोन्ही जोडण्या एकाच क्षणी गेल्या, कारण दोन्ही कंपन्यांच्या तारा त्याच खांबावरून येत होत्या. त्या दिवशी आम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिले केली, आणि काही अडले नाही. बिलाच्या कामाला वेग फारसा लागतच नाही, पडद्याचे चित्र तेवढे येत-जात असते. आता एक फायबर आणि एक सिमकार्डाचे राउटर अशी जोडी आहे. दुसरी फायबर बंद केली.

सुरक्षेविषयी मी आधीच थोडी बेफिकीर होते, ती मुंबईतल्या इमारतीच्या पहाऱ्याच्या वर्णनाने आणखीच झाले. यंत्र लावून देणाऱ्या स्थानिक विक्रेत्याने दूरून काम करण्याचे दार सर्व जगाला उघडे ठेवले होते. फक्त पासवर्ड असला की कोणीही कोठूनही आत येऊ शकेल असे. पुतणीने एका रविवारी यंत्राच्या नोंदी उघडून दाखवल्या. आदल्या एकाच दिवसात काही हजार वेळा कोणीतरी आत शिरण्याचा प्रयत्न केला होता, “ॲडमिन”, “टेस्ट”, “अकाउंट” अशी नावे एकामागून एक टाकून. हे आमच्यावर डूख धरलेले कोणी नव्हते. इंटरनेटवरचे प्रत्येक दार ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम होते. आमच्या हिशेब विभागाच्या खात्याचे नाव खरोखरच “अकाउंट” होते, आणि पासवर्ड पेढीचे नाव व १२३. त्याच दुपारी आम्ही स्थिर आयपी पत्ता घेण्याचा अर्ज केला आणि तो मिळेपर्यंत हॉटस्पॉटसह सारे दरवाजे बंद करून व्हीपीएनमधूनच, म्हणजे फक्त आमच्यासाठीच्या बंदिस्त वाटेनेच, आत जायचे ठरवले. दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी-कोडही सक्तीचा केला. काकांना तो कोड तेवढा आवडला. बँकेसारखे वाटते, म्हणाले.

मार्चचे बिल २७,८०० रुपयांचे आले. आमचा अंदाज १०,५०० चा होता. बिलाच्या ओळी वाचायला मला अख्खी दुपार लागली, कारण त्यांत आमच्या ओळखीचा शब्द एकही नव्हता. कारणे शेवटी दोन निघाली. जानेवारीत चाचणीसाठी उभारलेले एक मोठे यंत्र कोणीतरी फेब्रुवारीअखेर पुन्हा सुरू केले होते आणि ते मार्चभर रात्रंदिवस चालले होते. दुसरे एक यंत्र काढून टाकले होते, पण त्याची डिस्क तशीच राहिली होती आणि तिचे भाडे आम्ही इमाने इतबारे भरत होतो. गोदामात दिवा राहिला तर जाता-येता दिसतो, मुंबईतला राहिलेला दिवा महिनाअखेरीसच दिसतो. खर्चाची मर्यादा ठरवून ती ओलांडताच ईमेल येण्याची सोय पहिल्या दिवसापासून फुकट उपलब्ध होती. ती कोणी लावली नव्हती.

ती मी लावायला गेले आणि खरी गोम समोर आली. मला ती लावता येईना. क्लाउडचे मूळ खाते आमच्या पेढीच्या नावावर नव्हतेच, विक्रेत्याने ते स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. आम्हाला त्याने एक दुय्यम लॉगिन दिले होते. बिल त्याच्याकडे येई आणि तो आपला टक्का लावून ते आम्हाला पाठवी, याला माझी हरकत नव्हती, पण आमचा सारा हिशेब, बॅकअपसकट, ज्या खात्यात होता ते त्याने उद्या बंद केले तर आमच्या हाती काहीच राहत नव्हते. खाते आमच्या नावावर करून द्यावे असे पत्र मी पाठवले. पहिल्या आठवड्यात फोन घेतला गेला नाही, दुसऱ्यात सांगितले गेले की तसे करता येत नाही, तिसऱ्यात कळले की करता येते पण शुल्क लागेल. शेवटी आम्ही आमच्या ईमेलवर, आमच्या पॅन आणि जीएसटी क्रमांकावर नवे खाते उघडले आणि यंत्राची प्रत तिकडे आणली. या सगळ्यात पाच आठवडे गेले. मूळ खात्याचा पासवर्ड आता बंद लिफाफ्यात बाबांच्या कपाटात आहे आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड देणारी दोन वेगळी साधने दोन वेगळ्या माणसांकडे आहेत. कोटेशन मागवताना मी यंत्राचा वेग, स्मरणशक्ती, दर, सारे विचारले होते. खाते कोणाच्या नावावर असेल, हे विचारले नव्हते.

यंत्र ९९.९ टक्के वेळ चालू राहील, हा करारातला आकडा मला आधी फार भरभक्कम वाटला होता. ३० दिवसांच्या महिन्यात तो ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा देतो, आणि त्याहून जास्त वेळ बंद राहिले तर भरपाई मिळते ती पुढच्या बिलातून ठरावीक सवलतीची. त्या वेळेत बुडालेल्या विक्रीची नव्हे. यात फसवणूक काही नाही, तसे लिहिलेलेच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले. हे वाचताना मला आमच्या टेबलाचा खालचा खण आठवला. म्हणून आमची रोजची एक प्रत मुंबईत राहते, दुसरी हैदराबादच्या केंद्रात जाते आणि आठवड्याची एक प्रत दांडियाबाजारातल्या घरी दुसऱ्या मजल्यावर, क्लाउडशी कसलाही संबंध नसलेल्या डिस्कवर उतरते. त्या तिसऱ्या प्रतीचे बाहेर काढण्याचे पैसे महिन्याला शे-दीडशे रुपये होतात. ते मी आनंदाने देते.

प्रती असणे आणि त्यांतून पेढी उभी राहणे यांतले अंतर मेच्या पहिल्या रविवारी कळले. मुंबईचे यंत्र गेले असे समजून हैदराबादच्या प्रतीवरून सारे पुन्हा उभारायचे, असे आम्ही ठरवले. यंत्र वीस मिनिटांत उभे राहिले. मग बिलाच्या सॉफ्टवेअरने डेटाबेसचा पासवर्ड मागितला. तो फक्त सॉफ्टवेअर कंपनीच्या एका तंत्रज्ञाला माहीत होता आणि त्याचा फोन रविवारी बंद असतो. दुपारी तो लागला, तेव्हा पहिले बिल निघायला एकूण तीन तास चाळीस मिनिटे झाली होती. ऑगस्टच्या तालमीला तेच काम पन्नास मिनिटांत झाले. काका आता दर तिमाहीच्या तालमीला घड्याळ घेऊन बसतात आणि वेळ आपल्या लाल चोपड्यात लिहितात.

सध्या समोर एक नवे प्रकरण आहे. आमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरची कंपनी आता तिसऱ्या तऱ्हेची, ब्राउझरमधून चालणारी आवृत्ती देऊ करते आहे. दर माणशी महिन्याचे पैसे, यंत्र नको, विंडोज नको, रविवारच्या तालमी नकोत. दर खरोखर चांगला आहे आणि पुतणीचे मतही अनुकूल आहे. मी त्यांना एकच प्रश्न लेखी विचारला आहे: दोन वर्षांनी आम्हाला दुसरीकडे जायचे झाले, तर मागच्या सर्व बिलांची बॅचनिहाय माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल? त्यांच्या विक्री विभागाच्या माणसाने फोनवर “सगळे मिळेल, मॅडम” असे सांगितले आहे. लेखी उत्तर अजून आलेले नाही आणि तोवर मी सही करणार नाही.